रोज दोन तास इंग्रजी व्हिडीओ बघून पण बोलता का येत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. उमरेडहून नागपूरला आलेला, मराठी मीडियमचा, बीकॉम झालेला मुलगा. सध्या सदरच्या एका मेडिकल स्टोअरवर काउंटर सांभाळतो आणि मिहानमधल्या एका कंपनीत कस्टमर सपोर्टसाठी इंटरव्ह्यू द्यायचा आहे. बरेच महिने झाले रोज रात्री दोन तास इंग्रजी कॉमेडी व्हिडीओ आणि सिरीज बघून राहिला, खाली हिंदी सबटायटल लावून. स्टोरी कळते, हसू येतं, पण दुकानात एखादं बाहेरचं गिऱ्हाईक इंग्रजीत बोललं की 'येस सर, ओके सर'च्या पुढे गाडी जात नाही. त्याने विचारलंय की व्हिडीओ चुकीचे निवडतोय का, 'रोज 50 शब्द'वाल्या रील्स पाठ कराव्या का, आणि पैसे भरून एखादं ॲप घ्यावं का.

मी नंदनवनला स्पोकन इंग्लिशच्या बॅच घेते, खूप वर्षं झाली, कॅसेट लावून शिकवायचो तेव्हापासून. नर्सिंगच्या पोरी, हॉटेलात काम करणारे पोट्टे, दुकानदार, सुनेशी नाही तर नातवाशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या काकू, सगळे येतात. आणि हल्ली जो येतो तो हेच सांगतो की मॅडम मी खूप बघतो हो, पण येत नाही. तर भाऊ, बघणं चुकीचं नाही, पण तुम्ही दोन तास बघता तेव्हा त्यातली किती मिनिटं तुमचं तोंड उघडं असतं ते सांगा. शून्य, बरोबर? मग समजायला लागलं हेच खूप झालं, कारण जेवढा सराव केला तेवढंच पदरात पडलं, सराव समजण्याचा केला आणि अपेक्षा बोलण्याची. माझं म्हणणं एवढंच आहे की बघणं खूप कमी करा, दोन तासाचं वीस मिनिटं करा, पण त्या वीस मिनिटांत एकच छोटा तुकडा घ्या आणि तो तुमच्या तोंडातून त्याच चालीत निघेपर्यंत सोडू नका. रात्री मजेसाठी बघायचं तर खुशाल बघा, फक्त त्याला अभ्यास म्हणू नका.

आता सबटायटल. हिंदी सबटायटल आजपासून बंद. खाली ओळखीच्या भाषेत लिहून येत असलं की डोळा तिकडेच पळतो, तो काही थांबत नाही, आणि कान आरामात बसतो. 2009 मध्ये मिटरर आणि मॅक्वीन या दोघा संशोधकांनी नेदरलँड्समध्ये यावर एक प्रयोग केला होता. डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन उच्चारातलं इंग्रजी दाखवलं, काहींना खाली इंग्रजी अक्षरं, काहींना डच, काहींना काहीच नाही. ज्यांनी इंग्रजी अक्षरं वाचत ऐकलं त्यांना तो अनोळखी उच्चार नंतर जास्त चांगला कळायला लागला, आणि ज्यांनी आपल्या मातृभाषेतली अक्षरं वाचली त्यांचं उलट नुकसान झालं. म्हणजे जी भाषा कानात तीच भाषा डोळ्यात पाहिजे. आपल्याकडे पण हे नवीन नाही, अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी 1999 मध्ये दूरदर्शनवर गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमाला गुजरातीतच अक्षरं लावायला सुरुवात केली, हेतू हा की अर्धवट साक्षर माणसाचं वाचन गाणं ऐकता ऐकता सुधारावं, आणि पुढे हे हिंदी गाण्यांपर्यंत गेलं. ते वाचनासाठी होतं, आपल्याला ऐकण्यासाठी पाहिजे, पण तत्त्व तेच.

इंग्रजी सबटायटल लावताना एक बघून घ्या की ती माणसाने लिहिलेली आहेत का मशीनने केलेली. यूट्यूबवर मशीनवाली असली की तिथे 'ऑटो-जनरेटेड' असं लिहिलेलं असतं. ती वाईट नसतात, पण नावं, जोक आणि घाईत बोललेलं तिथे हमखास घोटाळा असतो, आणि तुम्ही तो घोटाळाच पाठ करून बसाल. अजून एक नवीन त्रास, आजकाल काही चॅनलचे व्हिडीओ आपोआप हिंदीत डब होऊन चालू होतात, परवा बॅचमधली एक पोरगी अख्खा व्हिडीओ हिंदीत ऐकून आली आणि म्हणते मॅडम सगळं समजलं! सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ ट्रॅक 'ओरिजिनल' करा.

तुमच्या कानाचा प्रॉब्लेम नेमका काय आहे ते समजून घ्या, कारण बहुतेक लोक याला 'माझी व्होकॅब्युलरी कमी आहे' म्हणतात आणि ते अर्धंच खरं असतं. आपल्या राज्यात मराठी शाळेत 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुम्ही दहा-बारा वर्षं इंग्रजी वाचलंय. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे वाक्य कागदावर दिलं तर झोपेत पण वाचाल. पण व्हिडीओतला माणूस म्हणतो 'वॉटर्यू गना डू'. 'डिड यू ईट' चं होतं 'डिज्यू ईट', 'लेट हिम गो' चं 'लेटिम गो', 'अ लॉट ऑफ' चं 'अलाटा'. शब्द सगळे पाचवीतले आहेत, फक्त ते असे एकमेकांत मिसळलेले तुम्ही कधी ऐकलेच नाहीत. मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या वजनाने म्हणतो, इंग्रजीत मात्र कामाच्या शब्दावर जोर येतो आणि 'टू, ऑफ, कॅन, हॅव, फॉर' ही मंडळी गिळून टाकतात. 'आय कॅन डू इट' मधला 'कॅन' ऐकूच येत नाही, नुसतं 'आय कन डू इट', आणि 'कान्ट' असला तर मात्र तो ठणकावून येतो, अमेरिकन माणूस त्याला 'कॅन्ट' म्हणतो आणि शेवटचा ट पण धड काढत नाही, पण जोर दिसतोच. हा फरक ज्याच्या कानाला कळला त्याचं अर्धं काम झालं, आणि हे पुस्तकातून कळत नाही, इथेच व्हिडीओ कामाचा आहे.

म्हणून माझ्या बॅचमध्ये ऐकलेलं वाक्य मी आधी देवनागरीत लिहायला लावते, जसं कानाला आलं तसं, मग खाली खरं स्पेलिंगवालं इंग्रजी. बरेच शिक्षक याला नाकं मुरडतात, म्हणतात देवनागरीत लिहून उच्चार बिघडतो. मला तसं वाटत नाही, आपल्या लिपीत ॲ आहे ऑ आहे, कानाला आलेलं पकडायला ती चांगली आहे. फक्त व आणि डब्ल्यूचा फरक तिच्यात येत नाही, 'वेस्ट' लिहिलं तर पश्चिम आहे का बनियन ते कळणार नाही, तेवढ्यापुरतं व्हिडीओतल्या माणसाच्या ओठांकडे बघा, डब्ल्यूला ओठ गोल होतात, व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात.

आता काय बघायचं. तुम्ही कॉमेडी म्हणालात, त्यात पण प्रकार आहेत. स्टँडअप सध्या नको, ते सगळं त्यांच्या राजकारणावर, ब्रँडवर आणि शिव्यांवर चालतं, प्रत्येक वाक्य समजलं तरी जोक कळत नाही आणि माणूस खचतो. प्रँक आणि रिॲक्शन व्हिडीओत 'ओ माय गॉड' सोडून भाषाच नसते. डिटेक्टिव्ह आणि हॉस्पिटलच्या सिरीजमध्ये तुम्ही 'पोस्टमॉर्टम' आणि 'सस्पेक्ट' शिकाल पण 'दूध संपलंय' म्हणता येणार नाही. घरातली, ऑफिसातली सिटकॉम चांगली, वीस-बावीस मिनिटांची असते, तेच पाच-सहा लोक, तोच सोफा, तेच स्वयंपाकघर, त्यामुळे तेच तेच वाक्प्रचार फिरून येतात, आणि मागे जे हसू टाकलेलं असतं तेवढा वेळ आपल्याला श्वास घ्यायला मिळतो. लहान मुलांची ब्रिटिश कार्टून तर मला सगळ्यात आवडतात, लाजू नका, पाच-पाच मिनिटांची असतात आणि त्यात आई-बाबा-पोरं दिवसभर घरात जे बोलतात तेच असतं, बूट घाल, हात धू, पाऊस थांबला का. घर दाखवणारे, स्वयंपाक करणारे, सायकल किंवा नळ दुरुस्त करणारे व्हिडीओ पण लाख मोलाचे, कारण माणूस जे बोलतो तेच हाताने करतो, डिक्शनरी लागतच नाही. 'रिन्स इट, पॅट इट ड्राय, सेट इट असाइड' म्हणताना तो ते करूनच दाखवतो ना.

आणि क्रिकेट बघत असाल तर मॅच संपल्यावरचे इंटरव्ह्यू ऐका. कॉमेंट्री नाही, ती भाषा वेगळी, तुटक तुटक. पण मॅचनंतर आपलेच प्लेयर जे साधं इंग्रजी बोलतात ते भारतीय उच्चारात, स्वच्छ आणि छोट्या वाक्यांत असतं. जामठ्याला मॅच असली की माझ्या बॅचला मी हाच होमवर्क देते, अर्धे तर आधीच स्टेडियमला पळालेले असतात तो भाग वेगळा. मिहानमधल्या कंपनीला तुम्ही अमेरिकन वाटायला पाहिजे असं काही नाही, स्पष्ट कळायला पाहिजे, तेव्हा असा भारतीय नमुना पण कानात असू द्या.

आता प्रत्यक्ष तुकडा कसा खायचा ते दाखवते. समजा एका घरगुती व्हिडीओत नवरा फ्रिज उघडतो, बायको फोनवर आहे. तो म्हणतो, 'ओ नो, वी'र आउट ऑफ मिल्क. कॅन यू ग्रॅब सम ऑन युअर वे होम?' ती म्हणते, 'शुअर, एनीथिंग एल्स?' तो, 'नोप, दॅट्स इट.' बस, दहा सेकंदांचा माल आहे. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून बघा आणि काय झालं असेल ते मराठीत मनाशी म्हणा, दूध संपलंय, येताना आण. चित्रावरूनच कळतं. मग परत, फोनवर स्क्रीनच्या डाव्या बाजूला दोनदा टॅप केलं की दहा सेकंद मागे जातं, आणि आता कानाला आलं ते लिहा. तुम्ही बहुतेक लिहाल 'वीर औटा मिल्क, कन्यू ग्रॅब्सम ऑन्यर वे होम'. शाबास, हेच पाहिजे. मग सबटायटल लावून खरं वाक्य ताडून बघा. खूपच घाईत वाटलं तर स्पीड 0.75 करा, पण त्याच्या खाली नको, 0.5 वर माणूस दारू प्यायल्यासारखा बोलतो आणि चाल बिघडते, आणि आपल्याला चालच तर पाहिजे.

मग बोलायचं. त्याच्या मागोमाग नाही, त्याच्या बरोबरच, अगदी अर्धा शब्द मागे राहून, त्याच्या आवाजात आवाज मिसळून, सात-आठ वेळा. 'ओ नो' ला त्याचा आवाज कसा खाली येतो, 'मिल्क' वर जोर कसा पडतो, 'होम' ला प्रश्न असल्यामुळे कसा वर जातो, सगळी नक्कल करा, थोडं नाटकी झालं तर होऊ द्या. याला शॅडोइंग म्हणतात. मग व्हिडीओ बंद करून फोनमध्ये स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि त्याचा आणि तुमचा लागोपाठ ऐका. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून डोक्याला हात लावाल, सगळेच लावतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी करत नाही. ते वाक्य तुमच्या दुकानात आणा. 'आउट ऑफ स्टॉक' तर तुम्ही दिवसातून वीसदा म्हणता ना? मग 'वी'र आउट ऑफ मिल्क' मध्ये नवीन काय आहे, तुमच्याकडे अर्धं वाक्य आधीपासून होतंच! 'वी'र आउट ऑफ चेंज', सुट्टे नाहीत. 'वी'र आउट ऑफ दॅट ब्रँड, कॅन आय ऑर्डर इट फॉर यू?' 'दॅट्स इट' तर गिऱ्हाइकाने यादी वाचून झाल्यावर रोजचंच आहे, 'इज दॅट इट, सर?' म्हणा, किंवा तेच 'एनीथिंग एल्स?' एका दहा सेकंदांच्या तुकड्यातून तुमच्या काउंटरवरची चार वाक्यं निघाली. बर्डीवरून मेट्रोने घरी जाताना तोंडातल्या तोंडात हीच चार वाक्यं घोळवा, दुसरा व्हिडीओ उघडू नका. ज्या दिवशी खऱ्या गिऱ्हाइकासमोर एक वाक्य विचार न करता निघेल त्या दिवशी ते तुमचं झालं, वहीत लिहून होत नाही.

'रोज 50 शब्द'वाल्या रील्सबद्दल विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे, नको. तीस सेकंदांत दहा शब्द, मागे गाणं, 'हॅपी म्हणू नका, इकस्टॅटिक म्हणा'. अहो खरा इंग्रज माणूस पण दिवसभर 'हॅपी'च म्हणतो. वेब आणि रॉजर्स या अभ्यासकांनी 2009 मध्ये तीनशेच्या वर इंग्रजी सिनेमांतले संवाद मोजले होते, त्यात असं निघालं की सगळ्यात जास्त वापरातले साधारण 3000 शब्द, म्हणजे 'गो, गोज, वेंट' हे सगळं एकच धरून, माहीत असले की संवादातले 95 टक्के शब्द ओळखीचे होतात, आणि 98 टक्क्यांसाठी 6000 च्या आसपास लागतात. आता 95 टक्के ऐकायला भारी वाटतं, पण गणित करा, मिनिटाला दीडशे शब्द धरले तर वीसात एक अनोळखी म्हणजे मिनिटाला सात-आठ शब्द डोक्यावरून जाणार, आणि तरीही सिनेमा समजतो, कारण चित्र आहे, चेहरे आहेत. म्हणून प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबू नका. जो शब्द त्याच व्हिडीओत दोन-तीनदा आला किंवा ज्याच्यामुळे गोष्टच अडली तेवढाच बघा. तुम्ही बीकॉम आहात, त्या 3000 पैकी बरेच शब्द तुम्हाला वाचायला येतात, ते तोंडातून काढायचे आहेत. 'गेट, पुट, टेक, रन, टर्न' या पाच-सात क्रियापदांतूनच किती बोलता येतं बघा, 'रन आउट', 'पुट ऑफ', 'टर्न डाउन', सिटकॉममध्ये हेच उडत असतात, आणि शाळेत आपल्याला यांच्याऐवजी 'पोस्टपोन' आणि 'रिजेक्ट' शिकवलेलं असतं.

सुटा शब्द आणि समोर मराठी अर्थ अशी वही मी फाडायला लावते. कारण बघा, आपण दार लावतो, अलार्म लावतो, गाणं लावतो, कुकर लावतो, टिकली लावतो आणि फोन पण लावतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे. 'लावणे' समोर काय लिहिणार? म्हणून तर आपली पोरं 'क्लोज द लाइट' म्हणतात, बंद करणे म्हणजे क्लोज असं वहीत लिहिलेलं असतं. वहीत अख्खं वाक्य लिहा आणि बाजूला ते कधी वापरायचं ते मराठीत, म्हणजे 'वस्तू संपली हे सांगताना', 'फोनवर दोन मिनिटं थांबवायचं असेल तेव्हा', असं. दिवसाला तीन वाक्यं, चार झाली तर डोक्यावरून पाणी. आणि ती दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने परत म्हणून बघा, वहीवर हात ठेवून. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या काही तासांतच उडतं आणि मधे मधे उजळणी केली की टिकतं. रील्समधले 50 शब्द का टिकत नाहीत त्याचं उत्तर तिथेच आहे.

एक खास आपल्या नागपूरचं सांगते, पुण्याच्या पुस्तकात हे नाही सापडणार. आपण बोलतो कसं? 'मला समजून नाही राहिलं', 'मी त्याला ओळखून राहिलो', 'भूक लागून राहिली'. हे सगळं 'राहिलं' सरळ 'आयएनजी' होऊन इंग्रजीत उतरतं, 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय ॲम नोइंग हिम', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'. व्याकरणाचा नियम सांगितला की सगळे माना डोलावतात आणि पाच मिनिटांनी परत तेच. पण व्हिडीओत लोक वैतागून 'आय डोन्ट गेट इट', 'आय नो हिम', 'आय डोन्ट नो' म्हणताना पंचवीसदा ऐकलं आणि नक्कल केली की ते आपोआप सुटतं, निदान माझ्या बॅचमध्ये तरी सुटलेलं मी बघते. तुमच्या सिरीजमध्ये पुढच्या वेळी फक्त एवढंच कान देऊन ऐका की 'नो, वाँट, लाइक, नीड, अंडरस्टँड' यांना कोणी आयएनजी लावतं का.

आता सावध राहायच्या गोष्टी. व्हिडीओतलं सगळंच उचलायचं नसतं. 'ड्यूड', 'शट अप', 'वॉट्स अप गाइज' हे मित्रांत ठीक, एचआरसमोर नाही. 'शट अप!' तर कित्येकदा 'काय सांगतेस!' या अर्थाने येतं, चेहरा बघितल्याशिवाय कळतच नाही. 'गना, वना' ऐकायला आलं पाहिजे, बोललात तर हरकत नाही, पण मेलमध्ये लिहू नका. काही वाक्यं तर दिसतात एक आणि असतात दुसरं. चहा विचारला आणि समोरचा 'आय'म गुड' म्हणाला तर तो तब्येत सांगत नाही, त्याला चहा नको आहे. कपबशी फुटल्यावर 'ओ, ग्रेट' म्हणतात ते कौतुक नाही. आणि आपल्या बाजूने उलटं, 'माय गुड नेम', 'आउट ऑफ स्टेशन', 'डू द नीडफुल', हे इथे चालतं, बाहेरच्या कस्टमरला बुचकळ्यात टाकतं, आणि हे तुम्हाला कुठल्याच परदेशी व्हिडीओत ऐकू येणार नाही, हीच त्याची खूण.

तुमच्या इंटरव्ह्यूसाठी म्हणून थोडी वाक्यं वेगळी काढून ठेवा, ती कस्टमर सपोर्टमध्ये दिवसभर लागतात. 'लेट मी चेक दॅट फॉर यू.' 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' 'बेअर विथ मी फॉर अ मोमेंट', म्हणजे जरा थांबा. 'आय'ल गेट बॅक टू यू बाय इव्हनिंग.' 'सॉरी टू हिअर दॅट.' यातली अर्धी तुम्हाला हॉटेल किंवा ऑफिसवाल्या कॉमेडीत मिळतील, आणि तिथे ती रागावलेल्या गिऱ्हाइकासमोर म्हटलेली असतात म्हणून टोन पण मिळतो, गोड बोलून वेळ कसा काढायचा तो. 'कुड यू से दॅट अगेन' सगळ्यात आधी पाठ करा. समजलं नाही की आपले लोक गप्प बसतात नाही तर उगाच 'येस येस' करतात, आणि तिथेच इंटरव्ह्यू जातो.

लोक हसतील ही भीती असेलच. दुकानातले म्हणतीलच की पाहा आला मोठा फाडफाड इंग्रजी झाडणारा. त्यांच्यासमोर नकाच बोलू सुरुवातीला. एक मित्र धरा, बॅचचा नाही तर गावाकडचा कोणी, ज्याला पण शिकायचंय, आणि रोज रात्री एकमेकांना एक व्हॉइस मेसेज टाकायचा, एक मिनिटाचा, आज दुकानात काय झालं ते, त्या दिवशीचं वाक्य त्यात कुठेतरी बसवून. चुका काढायच्या नाहीत एकमेकांच्या, फक्त उत्तर द्यायचं. याने जेवढा फरक पडतो तेवढा माझ्या वर्गाने पण पडत नाही, हे मी फी घेऊन सांगते.

पेड ॲपबद्दल, इंटरव्ह्यू होईपर्यंत तरी खिशात हात घालू नका. बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे छोटे व्हिडीओ आणि ऑडिओ फुकट आहेत, त्यात रोजच्या बोलण्यातला एकेक वाक्प्रचार घेऊन दोन-तीन मिनिटं बोलतात. सिटकॉम फारच घाईत वाटली तर व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या हळू बोललेल्या जुन्या बातम्या ऐका, त्यांनी 1959 मध्येच साधारण 1500 शब्दांत आणि मुद्दाम सावकाश बोलायची पद्धत सुरू केली होती. त्यात करमणूक कमी आहे, पण कानाला धीर येतो, पंधरा दिवस ते करून मग कॉमेडीकडे या.

पैसे घालायचेच तर चांगल्या इअरफोनवर घाला. बर्डीवर फुटपाथवर मिळणारा शंभर-दीडशेचा नको, तसल्यात स, फ आणि थ यांचा फरकच ऐकू येत नाही, 'थिन' आणि 'फिन' सारखंच वाटतं, आणि उन्हाळ्यात वरून कूलरची घरघर असली की झालंच.